यमदीपदान आणि शहराचा श्वास

आश्विन वद्य त्रयोदशीची संध्याकाळ. दिवेलागणीच्या वेळी घरातील वडीलधारी स्त्री कणकेचा दिवा करते, त्यात तेलवात घालते आणि तो प्रज्वलित करून दाराबाहेर, ज्योत दक्षिणेकडे येईल अशा रीतीने ठेवते. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेकडे करू नये असा आपल्या घराघरांतील दंडक आहे, कारण ती यमाची दिशा. मात्र या एका संध्याकाळी त्याच दिशेला दीप दाखवून हात जोडावयाचे असतात. मागणे एवढेच, की या घरात कोणालाही अपमृत्यू न येवो. धन नको, मान नको. ज्याचे जेवढे आयुष्य, तेवढे त्याला पुरते लाभो. दीपावलीच्या साऱ्या विधींत इतका साधा आणि इतका गंभीर विधी दुसरा नसेल. आरोग्यदाता धन्वंतरी याचे पूजनही याच दिवशी होते, हा योगायोग नव्हे.

या दिव्याची वात विझून काही तास लोटतात न लोटतात तोच नरकचतुर्दशीची पहाट उजाडते. तेल, उटणे, सुगंधी साबण, औक्षण, पायाच्या अंगठ्याने फोडलेले कारीट, आणि त्याबरोबरच अंगणात कडाडणारी फटाक्यांची माळ! रात्री ज्या घराने दीर्घायुष्य मागितले, तेच घर पहाटे शेजाऱ्याच्या खिडकीखाली गंधकाचा धूर सोडते. या दोन कृतींत विसंगती आहे हे कित्येक वर्षे आमच्याही ध्यानात आले नव्हते. ते ज्या प्रसंगाने आले, तो आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

माईंची खिडकी

दादरच्या ज्या चाळीत आम्ही वाढलो, तेथे तळमजल्यावर एक वृद्धा राहत असत. साऱ्या चाळीच्या त्या माई. नागरमोथा, कचोरा, गुलाबपाकळ्या, वाळा असे जिन्नस कुटून केलेले त्यांचे उटणे पुडीपुडीने प्रत्येक बिऱ्हाडी जाई. त्यावाचून चाळीची दिवाळी सुरू होत नसे. माईंना दमा होता. परंतु तो सर्वांच्या इतका अंगवळणी पडला होता की, त्यांचा खोकला म्हणजे चाळीच्या अनेक आवाजांपैकी एक, एवढेच त्याचे महत्त्व उरले होते.

एका नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारच्या सुमारास अंगणात हजार फटाक्यांची माळ लागली. ती माईंच्या खिडकीपासून पाच पावलांवर होती. माळ संपली, धूर मात्र हलेना. वारा पडलेला, तिन्ही बाजूंनी चाळीच्या भिंती. धुराचा लोट जागच्या जागी तरंगत राहिला. थोड्याच वेळात माईंची सून घाबरी होऊन बाहेर आली. माईंना श्वास घेता येत नव्हता, ओठ निळसर पडले होते. अभ्यंगस्नान अर्धवट टाकून आम्ही चौघांनी त्यांना रुग्णालयात नेले.

प्राणवायूची नळी लावल्यावर तासाभराने त्यांना बोलता येऊ लागले. तेव्हा आमच्याकडे पाहून त्या क्षीणपणे हसल्या आणि म्हणाल्या, “अरे, काल संध्याकाळी यमाला दिवा दाखवला, तर स्वारी उजेडाने पत्ता शोधत आलीच की रे!”

शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना मात्र हसू आले नाही. ते म्हणाले, “आजी, या चार दिवसांत आमच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येतात, भाजलेले आणि धाप लागलेले. भाजलेल्यांची बातमी होते. धाप लागलेल्यांची होत नाही.”

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. कारण ती माळ आमच्या हातची होती. बोनसच्या पैशांतून आम्ही ती हौसेने आणली होती, आणि वात आम्हीच पेटविली होती.

अजपाजप

नाथपंथाच्या व योगाच्या ग्रंथांत एक सुंदर कल्पना आहे. जीव अहोरात्रात २१,६०० वेळा श्वासोच्छ्वास करतो आणि प्रत्येक श्वासागणिक नकळत ‘सोहम्’ असा जप घडत राहतो. तोंडाने न उच्चारता होतो म्हणून तो अजपाजप. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर या परंपरेने महाराष्ट्राच्या मातीत जी योगविद्या रुजविली, तिला श्वासाचे हे माहात्म्य पूर्ण अवगत होते. आता आजचे शरीरशास्त्र पाहावे. विश्रांत अवस्थेतील निरोगी प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे पंधरा वेळा श्वास घेतो. दिवसाची मिनिटे १,४४०. गुणाकार करून पाहिला तर येतात बरोबर २१,६००!

एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक. पाणी आपण दिवसाला दोन-तीन लिटर पितो. ते गाळतो, उकळतो, तांब्याच्या भांड्यात भरून झाकून ठेवतो. अन्न सोवळ्यात शिजवितो, नैवेद्य दाखवून मगच ग्रहण करतो. परंतु दहा हजार लिटर हवेविषयी मात्र कधी विचारही करीत नाही. पाणी गढूळ असेल तर पेला बाजूला सारता येतो. हवा गढूळ आहे म्हणून श्वास बाजूला सारता येत नाही. तो जप थांबत नाही, आणि त्या जपाबरोबर जे आत जाते तेही थांबत नाही.

आत काय जाते?

हवेतील सर्वांत घातक घटक डोळ्यांना दिसत नाही. घरातील फर्निचरवर बसते ती धूळ तुलनेने जाड असते. नाकातील केस आणि घशातील ओलावा तिला बरीचशी अडवितात. मात्र ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन वा त्याहून कमी, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसावा हिस्सा, असे सूक्ष्म कण या द्वारपालांना चुकवून थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. तेथे कोट्यवधी इवले इवले वायुकोश आहेत, ज्यांच्या तलम भिंतीतून प्राणवायू रक्तात मिसळतो. अतिसूक्ष्म कणांपैकी काही त्याच वाटेने रक्तात शिरतात. म्हणूनच दूषित हवेचा आजार खोकल्यापुरता राहत नाही. दमा आणि श्वासनलिकांचे जुनाट विकार यांच्या जोडीला हृदयविकार, पक्षाघात, गर्भातील बालकाचे वजन कमी भरणे, हे सारे त्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरील दूषित हवेचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या वर्गात केला.

लहान मुले मोठ्यांपेक्षा वेगाने श्वास घेतात. वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात हवा जास्त जाते, आणि त्यांची फुप्फुसे तर अजून वाढीला लागलेली असतात. दुसऱ्या टोकाला वृद्ध, गर्भवती आणि हृदयरोगी. थोडक्यात, ज्यांच्यासाठी आपण यमदीप लावतो तेच या धुराचे पहिले भक्ष्य होत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकसमूहात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतातील सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंचा संबंध घरातील व बाहेरील दूषित हवेशी होता. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला अपमृत्यू म्हटले, तो यापेक्षा वेगळा काय असणार?

पहाटेचे झाकण

हा धूर दिवाळीतच इतका का बाधतो, हेही समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात सरी हवा धुऊन काढतात. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर चढते आणि धूर उंच विरून जातो. आश्विन-कार्तिकात मात्र वारे मंदावतात, रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा बसतो. झाकणाखाली जो धूर निघेल तो तेथेच कोंडतो. हे झाकण सर्वांत घट्ट असते ते रात्री उशिरा आणि पहाटे, म्हणजे नेमके आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री नि अभ्यंगस्नानाच्या घटकेला! सूर्य वर आला की ते हळूहळू उघडते.

या कोंडलेल्या हवेत आपण काय सोडतो? सोरा, गंधक, कोळसा. हिरव्या रंगासाठी बेरियमचे, तांबड्यासाठी स्ट्राँशियमचे क्षार. शुभ्र झगमगाटासाठी ॲल्युमिनियम. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वाधिक सूक्ष्म कण कशातून निघावेत? आवाज नाही, ठिणगी नाही म्हणून आपण अगदी लहानग्यांच्या हाती निर्धास्तपणे देतो ती नागगोळी! तिच्या खालोखाल माळ. नागगोळीजवळ नोंदला गेलेला कणांचा क्षणिक उच्चांक घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम इतका होता; आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरविलेली मर्यादा ६० आहे. आणि त्या गोळीवर ओणवे होऊन, नाग कसा निघतो हे डोळे विस्फारून पाहणारे बालक जेमतेम हातभर अंतरावर असते.

परंपरा काय सांगते?

‘फटाके हा आमचा धर्म आहे,’ असे कोणी म्हणेल तर त्याने थोडा इतिहास पाहावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास साधार मांडला आहे. त्यांनी निवडलेला कालखंड इसवी सन १४०० पासून सुरू होतो. दारूची विद्या आपल्याकडे मध्ययुगात आली, दीपोत्सव त्याहून कितीतरी प्राचीन आहे. धर्मनिबंधांत अमावस्येच्या प्रदोषकाळी पितरांना वाट दाखविण्यासाठी उल्का म्हणजे मशाली धरण्याचे विधान आहे. ध्वनी म्हणावा तर तो मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घालविण्याचा. नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून, तिने घर झाडून केर बाहेर टाकावयाचा, हे अलक्ष्मीनिःसारण आजही कित्येक घरी होते.

अलक्ष्मी म्हणजे मलिनता. ती घराबाहेर काढावी हे योग्यच. परंतु घरातील केर काढून शेजारणीच्या उंबऱ्यात लोटला तर तिला अलक्ष्मीनिःसारण म्हणता येईल काय? धुराचे नेमके तेच होते. जमिनीला कुंपण घालता येते, विहिरीला रहाट बांधता येतो. हवेला भिंत नाही. एकाने सोडलेला उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास होतो. शहरात तर लाखो लोक एकाच अंगणात राहतात.

बाकीचे तीनशे साठ दिवस

तथापि सारा दोष दिवाळीच्या माथी मारणे हा अन्याय ठरेल. फटाके चार-पाच दिवसांचे. वाहनांचा धूर, बांधकामांची व रस्त्यांची धूळ, कारखान्यांची धुराडी, भट्ट्या आणि उघड्यावर जळणारा कचरा हे वर्षभराचे. दिवाळी आपल्याला या दुखण्याची केवळ जाणीव करून देते, कारण त्या दिवशी ते नाकाला झोंबते.

जागृतीने काय साधते याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९८१ साली झाला. मुलांच्या बुद्धीला अपाय करणारे शिसे पेट्रोलमध्ये मिसळले जाई; २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. धुराने त्रासलेल्या मुंबईकरांनी १९९९ मध्ये उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशांनी शहरातील जुन्या टॅक्सी सी.एन.जी.वर आल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने जोडफटाक्यांच्या माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली व दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरविली. २०२३ च्या दिवाळीपूर्वी मुंबईच्या बिघडलेल्या हवेची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि मुंबईतही फटाक्यांना तेवढेच दोन तास उरले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेले तथाकथित हरित फटाके सुमारे तीस टक्के कमी कण सोडतात. कमी धूर म्हणजे धूर नाही असे मात्र नव्हे, हे विसरू नये.

यातील कोणतीही गोष्ट आपोआप घडली नाही. कोणाला तरी आधी ठसका लागला, मग प्रश्न पडला, आणि मग तो प्रश्न त्याने चारचौघांत विचारला.

पंचांगाचे सहावे अंग

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. आजच्या शहरवासीयाने त्यांत सहावे जोडावे, हवेचा निर्देशांक. २०१५ सालापासून आपल्या देशात तो एका आकड्याने सांगितला जातो. ५० पर्यंत हवा चांगली. १०० पर्यंत समाधानकारक. २०० पर्यंत मध्यम. त्यापुढे ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यावर गंभीर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेने मुंबई-पुण्याच्या हवेचे मापन घरोघरी पोहोचविले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोबाइलवरील ॲपचे नावच मुळी ‘समीर’ आहे. सकाळी दिनदर्शिका पाहणाऱ्या हातांनी हाही आकडा पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

आकडा २०० च्या वर असेल त्या दिवशी आजोबांनी पहाटेचे फिरणे ऊन वर येईतो लांबणीवर टाकावे, मुलांनी मैदानात दमछाक होईल असे खेळ टाळावे, आणि बाहेर पडणे अटळ असल्यास तोंडाला साधा रुमाल न बांधता नीट बसणारा एन-९५ मुखपट वापरावा; कापडाच्या विणीतून सूक्ष्म कण सहज पार होतात. दम्याच्या रुग्णाने आपले श्वासावाटे घ्यावयाचे औषध सणाच्या गडबडीत चुकवू नये. गाडीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र केवळ दंड टळावा म्हणून नव्हे तर धूर खरोखर कमी व्हावा म्हणून घ्यावे. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थांबवावे. पाने आणि प्लॅस्टिक जाळणाऱ्याला गोड शब्दांत पण स्पष्टपणे हटकावे. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ सालीच मनाई केली आहे. बांधकामाची धूळ वस्तीत उडत असेल तर महापालिकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ती एकट्याने न करता सोसायटीच्या नावाने करावी.

देवघरापुरतेही दोन शब्द. उदबत्ती, धूप, कापूर हे आपल्या पूजेचे अंग आहेत. त्यांना कोणी आडकाठी करू नये. मात्र बंद खोलीत त्यांचाही धूर धूरच असतो. पूजेच्या वेळी खिडकी उघडी असावी, जुडीऐवजी एक उदबत्ती असावी. देव सुवासाचा भुकेला असेल. गुदमरलेल्या भक्ताचा खचित नसेल. डास घालविण्यासाठी रात्रभर जळणारी कॉइल तर झोपण्याच्या खोलीतून हद्दपारच करावी.

पुढची दिवाळी

माई चौथ्या दिवशी, भाऊबीजेला, घरी परतल्या. आम्ही त्यांच्यासमोर आमची चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “माळ तुझी होती हे मला ठाऊक होतं. पण तुला माझी खिडकी ठाऊक नव्हती ना?” खिडकी आम्हांस लहानपणापासून ठाऊक होती. तिच्यामागे कोणी श्वास घेते, एवढेच आम्ही विसरलो होतो.

पुढच्या वर्षी नवरात्रातच चाळीची बैठक झाली. वाद झाला, नाही असे नाही; मुले रुसली, दोघा-तिघांनी ‘सण म्हटला की एवढे चालायचेच’ असे सुनावले. अखेर अंगणात फटाके लावू नयेत असे ठरले आणि त्या पैशांतून मुलांना किल्ल्यासाठी माती, चित्रे आणि कंदिलासाठी कागद आणून दिला. त्या पहाटे आम्ही प्रथमच पाहिले की पणतीच्या ज्योतीलाही एक बारीकसा आवाज असतो, आणि उटण्याला किती वास असतो! माईंची खिडकी उघडी होती.

माई त्यानंतर सात दिवाळ्या पाहून, ऐंशी वर्षांचे आयुष्य पुरते करून, झोपेत शांतपणे गेल्या. त्याचे श्रेय आम्ही घेत नाही. आयुष्याचा हिशेब आमच्या हातचा नव्हे. मात्र त्यांच्या वाटचा कोणताही श्वास आमच्यामुळे उणा होऊ नये, एवढे आमच्या हातचे होते.

यंदाही त्रयोदशीच्या संध्याकाळी दाराबाहेर दिवा ठेवला जाईल. वाचकहो, हात जोडताना आपल्या घराबरोबर भिंतीपलीकडच्या घराचेही स्मरण करावे. दक्षिणेकडे दिवा लावून जे आपण यमाकडे मागतो, त्यातील थोडेसे तरी दुसऱ्या दिवशी पहाटे आपणच शेजाऱ्याला देऊ शकतो.